बोअरच्या पाण्यावरचा गीझर: रिकामा कसा करावा, उतरवावा केव्हा आणि नवा बसवताना काय पाहावे

नागपूरच्या बेसा भागातील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला आपला २५ लिटरचा उभा गीझर आठ वर्षांचा झाला आहे, त्याला इमारतीच्या बोअरचे पाणी येते, पंधरवड्यापासून तो खालून ठिबकतो आणि सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका) पडतो, असे आपण लिहिले आहे. गीझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक बंद करून आपण गरम पाण्याचा नळ उघडला, थोडे पाणी येऊन तो कोरडा पडला, त्यावरून टाकी रिकामी झाली असे धरून उद्या मेहुण्यांच्या मदतीने ती भिंतीवरून उतरवण्याचा आपला विचार आहे, आणि नवा गीझर कोणता घ्यावा हेही आपण विचारले आहे. नव्या गीझरकडे नंतर वळू. आधी हे सांगणे आवश्यक आहे की ती टाकी रिकामी झालेली नाही. तिच्यात अजून जवळजवळ सगळे पाणी आहे.

उभ्या गीझरची रचना लक्षात घेतली की याचे कारण कळते. थंड आणि गरम अशा दोन्ही नळ्या बाहेरून तळाशी दिसत असल्या, तरी आत थंड पाण्याची नळी तळाशीच संपते आणि गरम पाण्याची नळी थेट टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. गरम पाणी हलके असल्यामुळे वर जमते आणि खालून येणारे थंड पाणी त्याला वरच्या नळीत ढकलते. खालून ढकलणारे पाणी बंद झाले की वरून उतरणारे पाणीही थांबते. त्यामुळे अँगल कॉक बंद करून गरम नळ कितीही वेळ उघडा ठेवला, तरी टाकीतील पाणी त्या वाटेने बाहेर येऊ शकत नाही. गीझरचे स्वतःचे वजन दहा किलोच्या आसपास, त्यात पाण्याचे २५ किलो आणि तळाशी बसलेला क्षार, म्हणजे स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात अचानक ३५ किलोंहून अधिक भार येईल. बाथरूममधली फरशी ओली असते, तेव्हा पुढे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

परंतु उतरवण्याआधी पाणी नेमके कोठून ठिबकते आहे ते पाहावे, कारण गीझर बदलायचा की दुरुस्त करायचा हे त्यावरच ठरते. वितरण पेटीतील गीझरचा एमसीबी (आपोआप पडणारा खटका) खाली करावा, प्लग काढावा आणि तळाचे प्लास्टिकचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात सगळे कोरडे पुसून घ्यावे. थंड पाण्याच्या बाजूला जो पितळी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बाजूच्या तोंडातून केवळ पाणी तापत असतानाच थेंब पडत असतील, तर तो दोष नाही. २० अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे ४०० मिलिलिटरने वाढते, आणि व्हॉल्व्हमधील एकदिशा झडप ते मागे जाऊ देत नसल्यामुळे ते बाहेर पडण्याची तीच योग्य वाट आहे. या थेंबांना कंटाळून ते तोंड बुच लावून किंवा एम-सील भरून बंद केलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. ज्या घरात असे केलेले असेल, तेथे दुसरे काहीही करण्याआधी गीझरची वीज बंद करावी.

कॉइल ज्या गोल पट्टीवर बसवलेली असते तिच्या कडेने पाणी झिरपत असेल, तर रबरी गॅस्केट कडक झालेले आहे आणि ते बदलता येते. नळीच्या आट्यांतून पाणी येत असेल तर काम आणखी सोपे आहे. मात्र तळाशी पट्टी आणि आटे कोरडे असताना बाहेरच्या पत्र्याच्या भोकातून किंवा सांध्यातून तपकिरी पाणी येत असेल, तर आतली टाकी गंजून तिला छिद्र पडलेले आहे. टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये पफचा, म्हणजे उष्णता रोखणारा, फेस भरलेला असतो. तो काढून आत वेल्डिंग करण्याची सोय नसते आणि कोणी करून देतो म्हणाला तरी करून घेऊ नये.

आपला आरसीसीबी पडतो, ही खूण मला ठिबकण्यापेक्षा गंभीर वाटते. एमसीबी जास्त प्रवाहाने पडतो. आरसीसीबी मात्र प्रवाह भलत्याच वाटेने, म्हणजे अर्थिंगमधून किंवा माणसाच्या अंगातून, जमिनीकडे जाऊ लागला की पडतो. घरातील आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. गार असताना तो टिकतो आणि तापल्यावर पडतो, याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की कॉइलच्या धातूच्या आवरणाला भेग गेली आहे आणि तापून ती भेग उघडली की आतल्या तारेपर्यंत पाणी पोचते. गॅस्केटमधून झिरपलेले पाणी जोडणीच्या टोकांवर पडत असले तरीही हेच घडते. कारण यांपैकी कोणतेही असो, तो दोष निघेपर्यंत गीझर एकदाही सुरू करू नये, आणि आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून त्याला वळसा घालून वायर जोडून देणारा इलेक्ट्रिशियन पुन्हा घरात घेऊ नये.

आता टाकी रिकामी करण्याचे पाहू. आपला गीझर बंदच असल्यामुळे पाणी गार झालेले असेल. ज्यांचा गीझर चालू होता त्यांनी वीज बंद करून गरम नळ उघडा ठेवावा आणि थंड पाणी आत येऊ द्यावे, म्हणजे रात्रभर थांबावे लागत नाही. त्यानंतर अँगल कॉक बंद करावा, पण तेवढ्यावर थांबू नये. गरम-थंड पाणी मिसळणारा नळ, म्हणजे मिक्सर, जुना झाला की आतले वॉशर झिजून थंड बाजूचे पाणी गरम बाजूत शिरते, आणि मग गीझरचा गरम पाण्याचा पाइप सोडल्याबरोबर त्याच पाइपातून उलट पाण्याची धार येते. त्यासाठी बाथरूमचा मुख्य कॉक, आणि तो फिरत नसेल तर गच्चीवरील टाकीचा आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा. आमच्याकडे हे कॉक वर्षानुवर्षे कोणी फिरवत नाही, त्यामुळे ते क्षाराने जाम झालेले असतात. ते बळेच फिरवण्यापेक्षा थेट गच्चीवर जाणे बरे.

यानंतर गरम पाण्याचा पाइप गीझरच्या तोंडाशी सोडावा. तेथून तांब्याभर पाणी येईल आणि मग ती नळी हवेची वाट होईल. टाकीच्या माथ्यावर हवा पोचल्याशिवाय खालचे पाणी नीट उतरत नाही. आता थंड बाजू. थंड बाजूचा लवचीक पाइप नुसता सोडला तर पाणी येणार नाही, कारण पितळी व्हॉल्व्हमधील एकदिशा झडप ते अडवून धरते. काही व्हॉल्व्हवर लहान दांडी असते, काहींवर स्क्रू असतो. तो उघडला की बारीक धार सुरू होते आणि त्या तोंडाला रबरी नळी लावून ती मोरीत सोडली की काम स्वच्छ होते, फक्त वेळ लागतो. बोअरच्या पाण्यावर आठ वर्षे काढलेला व्हॉल्व्ह मात्र बहुधा उघडत नाही. तसे असल्यास खाली दोन बादल्या तयार ठेवून तो व्हॉल्व्हच गीझरच्या निपलवरून (टाकीतून बाहेर आलेल्या आट्यांच्या नळीवरून) फिरवून काढावा लागतो. एका पान्याने निपलचा षट्कोनी भाग धरून ठेवावा आणि दुसऱ्याने व्हॉल्व्ह फिरवावा. एकाच पान्याने जोर लावल्यास निपल टाकीतूनच फिरते आणि दुरुस्तीजोगा गीझरही बाद होतो. पाणी गढूळ येईल, मध्येच पांढरे खडे अडकून धार थांबेल, तेव्हा आत जाड वायर घालून वाट मोकळी करावी. धार संपल्यावरही नळीच्या तोंडाखाली साचलेले थोडे पाणी आणि गाळ आतच राहतो, त्यामुळे टाकी हुकावरून काढताना दोघांनी धरावी आणि तिचे तोंड बादलीकडे झुकते ठेवावे.

प्लगऐवजी वायर थेट डीपी (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) स्विचला जोडलेली असेल, तर ती सोडण्यापूर्वी मुख्य पुरवठाच बंद करावा आणि फेज, न्यूट्रल व अर्थ यांपैकी कोणत्याही दोहोंमध्ये व्होल्टेज नाही हे मल्टिमीटरने पाहावे. खिशातल्या टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून तार निर्जीव आहे असे समजू नये. नव्या वायरिंगचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. पाइपाचे काम आपल्याला जमते असे आपण लिहिले आहे, त्यावर माझा विश्वास आहे, परंतु अर्थिंग तपासण्याचे काम निराळे आहे. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट हवे. सॉकेटचे एखादे भोक तपकिरी झालेले असेल तर जुन्या सॉकेटवर नवा गीझर लावू नये.

टाकीला छिद्र नसेल आणि केवळ कॉइल व गॅस्केट गेले असेल, तर दुरुस्ती करावी का? आठ वर्षांच्या गीझरचे मॅग्नेशियमचे रॉड आधी बाहेर काढून पाहावे, असे मी सांगेन. बहुतेक गीझरांची टाकी पोलादी असून तिला आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. त्या मुलाम्यातील सूक्ष्म उणिवांपाशी गंज टाकीऐवजी या रॉडला खातो. रॉडवर अजून बोटाएवढी जाडी शिल्लक असेल तर कॉइल, गॅस्केट, रॉड आणि व्हॉल्व्ह बदलून हा गीझर आणखी काही हिवाळे काढील. रॉडच्या जागी नुसती तार हाती आली, तर टाकीच्या पोलादाची झीज कधीच सुरू झालेली आहे आणि तिच्यावर नवी कॉइल बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. आठ वर्षांत रॉड एकदाही बदललेले नसेल, तर आपल्या पाण्यावर तार हाती येण्याचीच शक्यता मला अधिक दिसते.

पाण्याचा विषय येथे टाळता येत नाही. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसलेले आहे; शहराच्या पश्चिमेला काळा पाषाण आणि पूर्वेला त्याहून जुने खडक आहेत, त्यामुळे दोन वस्त्यांतील बोअरचे पाणी सारखे नसते, परंतु पेंच आणि कन्हानच्या नळाच्या पाण्यापेक्षा ते बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे कठीण, असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. पाण्यातील कॅल्शियमचे बायकार्बोनेट तापले की फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे कॉइलवर बसते. थर वाढला की उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत भाजते आणि तिचे आवरण तडकते. पाणी जितके अधिक तापवाल तितका थर लवकर बसतो, म्हणून थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवून बादलीत निम्मे थंड पाणी मिसळण्याची सवय सोडावी. मात्र ते फार खालीही आणू नये, कारण कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. ६० अंश योग्य. बाजारात मिळणारे टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवते, कठीणपणा दाखवत नाही. त्यासाठी स्वस्त रासायनिक किट मिळते.

यावर गीझर बदलण्यापेक्षाही उपयोगी ठरू शकेल असा एक उपाय आहे. आपल्याकडच्या अनेक इमारतींच्या गच्चीवर बोअरची आणि महानगरपालिकेच्या पाण्याची टाकी वेगवेगळी असते, आणि स्वयंपाकघरात दुसऱ्या टाकीची लाइन आलेली असते. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांची भिंत सामाईक असेल तर गीझरला त्या लाइनचे पाणी द्यावे. फक्त मिक्सरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहील असे पाहावे, आणि दोन टाक्यांचे पाणी मिक्सरमधून एकमेकांत जाणार नाही, यासाठी दोन्ही बाजूंना एकदिशा व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत, नाही तर बोअरचे पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरेल.

नवा गीझर घेताना क्षमता आधी ठरवावी. २० अंशांचे २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला १.१६ युनिट वीज लागते आणि २ किलोवॉटच्या कॉइलला सुमारे ३५ मिनिटे लागतात. किमान तापमान १० अंशांखाली गेलेल्या डिसेंबरच्या सकाळी आणखी पाच-सात मिनिटे धरावीत. ६० अंशांच्या पाण्यात तेवढेच २० अंशांचे पाणी मिसळले की ४० अंशांचे ५० लिटर पाणी होते, म्हणजे साधारण तीन बादल्या. चार माणसांच्या घरात पाठोपाठ अंघोळी होत असतील तर २५ लिटर पुरे. दोघांना १५ लिटरचाही चालतो. ऊर्जा बचतीचे तारे हे बंद टाकीतून दिवसभरात किती उष्णता वाया जाते त्यावर दिलेले असतात. आपण गीझर सकाळी लावून अंघोळीनंतर बंद करत असाल तर चार आणि पाच तारे यांतील फरक बिलात फारसा दिसणार नाही. त्या पैशांत इन्कोलॉय या गंजरोधक मिश्रधातूच्या आवरणाची कॉइल असलेला, जाड रॉडचा आणि रॉड सहज काढता येईल असा गीझर घ्यावा. जड पाण्यासाठी खास असे डब्यावर ठळक छापलेले असते. त्यापेक्षा दुकानदाराला तळाचे झाकण उघडायला सांगून रॉडचे बोल्ट स्वतंत्र आहे का ते पाहावे आणि ते रॉड सुटे मिळते का हे विचारावे. स्टेनलेस स्टीलच्या टाकीची मला या पाण्यावर शिफारस करवत नाही, कारण क्लोराइड जास्त असेल तर वेल्डिंगच्या रेषेवर बारीक खड्डे पडत जातात.

भिंतीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. जुना हुक तसाच वापरता येईल असे समजू नये, कारण दोन कंपन्यांच्या टांगण्याच्या पट्ट्यांमधील अंतर बहुधा जुळत नाही. नऊ इंची विटांच्या भिंतीत चांगले फास्टनर पुरते. नव्या इमारतींत मात्र आतल्या भिंती साडेचार इंची, फ्लायॲशच्या विटांच्या किंवा एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतात. फ्लायॲशची पक्की वीट भार घेते, पण एएसी ब्लॉकमध्ये फुगणारे फास्टनर काही महिन्यांत सैल होते. तेथे आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला पट्टी द्यावी किंवा रासायनिक अँकर वापरावे. गीझरखाली रॉड सरळ बाहेर निघेल एवढी जागा सोडावी. छताच्या पोकळीत कोंबलेल्या गीझरची देखभाल कोणीही करत नाही. उभा गीझर आडवा टांगू नये.

पाइप जोडताना निळ्या खुणेचे तोंड थंड, लाल खुणेचे गरम. व्हॉल्व्ह नवाच बसवावा, त्यावरील बाण टाकीकडे असावा आणि व्हॉल्व्ह व टाकी यांच्यामध्ये दुसरा कोणताही कॉक नसावा. त्याच्या बाजूच्या तोंडाला नळी लावून ती खालच्या दिशेने मोरीपर्यंत उघडी सोडावी. गरम बाजूला गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी पाइप असावा, साधा पीव्हीसी नव्हे. दोन्ही लवचीक पाइप आणि त्यांचे वॉशर नवे घ्यावेत. जुने पुन्हा वापरून वाचणारे पैसे नंतर छताच्या ओलीत जातात. इमारतीला प्रेशर पंप असेल तर त्याचा दाब टाकीच्या मर्यादेत आहे ना ते विचारून घ्यावे. नुसत्या गच्चीवरच्या टाकीचा दाब दहा मीटर उंचीला सुमारे १ बार एवढाच असतो आणि बहुतेक गीझर ८ बारपर्यंतचे असतात.

पाणी भरताना गरम नळ उघडा ठेवावा. आधी हवा येईल, मग थुंकत पाणी येईल आणि शेवटी सलग धार लागेल. ती लागल्याशिवाय विजेला हात लावू नये, कारण कोरडी कॉइल काही क्षणांत जळते आणि असे नुकसान वॉरंटीत धरले जात नाही. नंतर नळ बंद करून अर्धा तास सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. पहिल्यांदा पूर्ण तापल्यावर पुन्हा एकदा पाहावेत, कारण गार असताना कोरडे असलेले आटे तापल्यावर पाझरू शकतात. गीझर चालू असताना आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबावे. तो पडलाच पाहिजे.

आपल्याकडे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत गीझर बंदच असतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतूनच अंघोळीला नको इतके गरम पाणी येते. या काळात पाणी आणि रॉड यांची क्रिया मात्र चालू राहते. म्हणून मार्चमध्ये वर सांगितलेल्या पद्धतीने टाकी रिकामी करावी, गाळ धुऊन काढावा, रॉड पाहावे आणि ते निम्म्याहून अधिक झिजले असल्यास बदलून टाकी पुन्हा भरून ठेवावी. कॉइलवरचा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात कॉइल बुडवून काढावा. संडास धुण्याचे ॲसिड वापरू नये, ते थराबरोबर आवरणही खाते. पुन्हा नोव्हेंबरमध्ये गीझर लावण्यापूर्वी खिडकी उघडून गरम नळ काही मिनिटे चालू ठेवावा. रॉडच्या झिजण्यातून हायड्रोजन तयार होतो आणि बंद टाकीच्या माथ्यावर साठू शकतो. त्या वेळी जवळ काडी किंवा उदबत्ती पेटवू नये. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-झिंकचे रॉड बसवल्याने तो बहुधा जातो.

जुना गीझर गावच्या घरी लावण्याचा आपला विचार असल्याचे शेवटी लिहिले आहे. टाकीला छिद्र असेल तर तो लावू नये, आणि नसेल तर नवी कॉइल, नवे रॉड आणि तेथील अर्थिंग तपासल्याशिवाय लावू नये. भंगारात देणार असाल तर देण्यापूर्वी त्याची वायर मुळापासून कापून टाकावी, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या बाथरूममध्ये जसाच्या तसा टांगला जाणार नाही.